मराठीत गाणारा आभासी गायक : घरच्या घरी व्हॉइसबँक कशी बांधावी

आभासी गायक म्हणजे आपण लिहिलेले शब्द आपण दिलेल्या सुरांत गाणारा प्रोग्रॅम, आणि व्हॉइसबँक म्हणजे त्यासाठी माणसाकडून म्हणून घेतलेल्या ध्वनींचा साठा. सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि अर्ध्या तासात हाताळता येते. वेळ जातो तो तीन गोष्टींत : मराठीचे ध्वनी मोजण्यात, ते एकसारखे म्हणून घेण्यात आणि कोणता ध्वनी कुठे सुरू होतो, कुठे संपतो याच्या खुणा त्यांच्यावर करण्यात. म्हणून हा लेख तिथेच रेंगाळेल. बाकीचे झरझर.

उदाहरणासाठी आपल्या गायिकेचे नाव 'गोदा' धरू. नाशिकच्या गायिकेला दुसरे नाव शोधायला जायचे कशाला?

साधन कोणते

यामाहाच्या 'व्होकॅलॉइड' या गाणाऱ्या प्रोग्रॅमवर आधारलेले पहिले गायक २००४ साली बाजारात आले. ३१ ऑगस्ट २००७ रोजी सापोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने हात्सुने मिकू ही आभासी गायिका आणली आणि हा प्रकार जगभर पोचला. पण तिथे आवाज कंपनी बनवते, आपण विकत घेतो. स्वतःचा आवाज घालायचा रस्ता २००८ साली 'उताऊ' या जपानी प्रोग्रॅमने मोकळा केला. त्याच वर्षी १ एप्रिलला निव्वळ थट्टा म्हणून सोडलेली उताऊची गायिका कासाने तेतो आजही गाते आहे, म्हणजे घरगुती व्हॉइसबँकेला कमी लेखायचे कारण नाही.

नवशिक्याने आज 'ओपनउताऊ' घ्यावे. मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते आणि युनिकोड (देवनागरीसह सगळ्या लिप्यांची अक्षरमांडणी) समजते. रेकॉर्डिंगसाठी 'ओरेमो' किंवा 'रेकस्टार', खुणा करण्यासाठी 'व्हीलेबलर'. तिन्ही फुकट.

'डिफसिंगर' नावाचा एआय मार्गही आहे. त्याचा आवाज जास्त नैसर्गिक येतो, पण त्यासाठी वाद्यांशिवायचे किमान तासभर स्वच्छ गायन, त्यातल्या प्रत्येक ध्वनीवर खूण आणि दमदार ग्राफिक्स कार्ड लागते. पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नये. खाली सांगितलेली यादी आणि कानाची तयारी पुढे तिथेही कामी येते.

आवाज कुणाचा

स्वतःचा, किंवा लेखी परवानगी देणाऱ्या माणसाचा. कागदावर तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : व्हॉइसबँक लोकांना वाटायची का, त्यातून केलेले गाणे विकता येईल का आणि कोणत्या मजकुरासाठी आवाज वापरायचा नाही. बहीण असो की मित्र, हा कागद आधी करा. नामवंत गायकाचा आवाज उचलायचा विचारही नको. २०२४ साली अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करण्याला मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली आहे.

जुन्या ध्वनिमुद्रिकांतून तुकडे कापण्याची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. पं. द. वि. पलुसकरांचा जन्म नाशिकचा, मग त्यांच्याच आवाजाची गोदा का नको, वगैरे. कायदा आणि सभ्यता बाजूला ठेवली तरी ते तांत्रिकदृष्ट्या जमत नाही. तबला-तंबोरा स्वराला चिकटलेला असतो, आणि एकही स्वर सरळ उभा नसतो, मींड (एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणे) असतेच. आपल्याला हवा असतो सपाट, निर्विकार, कंटाळवाणा स्वर.

मराठीच्या ध्वनींची यादी

व्हॉइसबँक म्हणजे शेकडो छोट्या नमुन्यांचे कपाट. गाणे बनवताना प्रोग्रॅम योग्य नमुना काढतो, स्वर ताणतो, हव्या त्या पट्टीत नेतो आणि पुढच्याला जोडतो. जपानी याद्या आयत्या मिळतात, पण त्यांत ट-ठ-ड-ढ नाहीत, ळ नाही, ख-घ-भ नाहीत. त्या यादीवर बांधलेली गायिका 'काळा' म्हणायला गेली की 'कारा' म्हणते. तेव्हा यादी आपणच करायची.

स्वर सहा घ्या : अ, आ, इ, उ, ए, ओ. इ-ई आणि उ-ऊ वेगळे नकोत, लांबी सुरावर ठरते. ऐ म्हणजे अ-इ, औ म्हणजे अ-उ, ते स्वर जोडून होतात. ॲ आणि ऑ इंग्रजी शब्दांपुरते, नंतर घातले तरी चालते. 'केलं', 'घरं' यांतले टिंब नाकातले नाही, तो लांबवलेला अ आहे. म्हणून अ सुद्धा तीन-चार सेकंद धरून रेकॉर्ड करावा लागतो. नुसता तोकडा अ घेतलात तर 'केलं'ला सूर लांबवताना आवाज घरघरतो.

व्यंजनांत नेहमी चुकते ते च-ज-झ. लिहायला एक अक्षर, म्हणायला दोन. 'चाक', 'चांदणे', 'जागा', 'झाड' इथे जीभ दातांमागे लागते. 'चार', 'चंद्र', 'जन्म', 'झेंडा' इथे टाळूला. 'जग' हा शब्द दुनिया म्हणून उच्चारा आणि मग 'जगणे'मधला आज्ञार्थ म्हणून उच्चारा, फरक जिभेलाच कळेल. त्यामुळे च, ज, झ प्रत्येकी दोनदा नोंदवा. सोय एवढीच की दातांमागचे, म्हणजे दंततालव्य, च-ज-झ सहसा इ आणि ए यांच्याआधी येत नाहीत. 'माझा'तला झ दातांमागचा, पण 'माझी' आणि 'माझे' म्हणताना तोच टाळूकडे सरकतो.

श आणि ष बोलण्यात एकच. ज्ञ म्हणजे द्न्य, ऋ म्हणजे रु, दोन्ही जोडून होतात. म्ह, न्ह, व्ह मात्र स्वतंत्र घ्या. 'आम्ही', 'तुम्ही', 'म्हणे' यांच्यावाचून मराठी गाणे पुढे सरकत नाही, आणि म-ह जोडून केलेले 'म्ह' दोन अक्षरांसारखे ऐकू येते. छ धरून एकूण ३७ व्यंजने होतात.

आता हे सगळे थोडक्या ओळींत बसवायची युक्ती. प्रत्येक व्यंजनाची एक ओळ, एका श्वासात, सात अक्षरे :

का कि कु के को क का

या एका ओळीत क ची सहाही रूपे मिळतात. शिवाय आ-तून क कडे, इ-तून क कडे असे सहाही स्वरांतून व्यंजनाकडे जाणारे सांधे मिळतात. सांधे नसतील तर गाणे ठोकळे रचल्यासारखे तुटक येते. दंततालव्यांची ओळ वेगळी : चा चु चो च चा, आणि पुढे इचा, एचा. ळ आणि ण शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, म्हणून त्या ओळी आ ने सुरू करा : आ ळा ळि ळु ळे ळो ळ ळा. 'ळा'ने सुरुवात करायला लावली तर चांगले गाणारेसुद्धा 'ला' म्हणतात.

दुसरा गठ्ठा शब्दाच्या शेवटांचा. मराठीत लिहिलेला शेवटचा अ बोलताना गळतो : नाशिक्, घर्, घाट्. म्हणून 'आक् इक् उक् एक् ओक् अक्' अशा, मध्ये थांबे असलेल्या, वीस-बावीस ओळी हव्यात. अनुस्वारासाठी वेगळे काही नको. 'संत'मध्ये न, 'घंटा'मध्ये ण, 'पंप'मध्ये म. फक्त 'अंक'मधल्या ङ साठी एक ओळ : अंका इंका उंका एंका ओंका आंका. त्यात स्वर-स्वर जोडीच्या चार-पाच ओळी, सहा लांब स्वर आणि दोन-तीन श्वास मिळवा. एका पट्टीसाठी ७० ते ७५ ओळी होतात.

फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवा. जुनी अवजारे जपानी शिफ्ट-जेआयएस अक्षरमांडणी धरून चालतात, त्यांत देवनागरी नावांचा चुराडा होतो. इथेच एक सापळा आहे : त ला छोटा टी आणि ट ला मोठा टी असे ठेवू नका. विंडोज फाइलीच्या नावात लहान-मोठे अक्षर एकच मानते, त्यामुळे ट ची फाइल त च्या फाइलीवर बसते आणि अर्धी मेहनत गुपचूप पुसली जाते. ट ला टी दोनदा, ड ला डी दोनदा, ळ ला एल दोनदा. दातांमागच्या च ला टी-एस, टाळूच्या च ला सी-एच.

खोली, माइक, वेळ

कंडेन्सर माइक आणि ऑडिओ इंटरफेस असेल तर उत्तम, पण एक बरा यूएसबी माइकही पुरतो. तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (प-ब ची फुंकर अडवणारी जाळी). अंतर बदलू नये म्हणून माइकसमोर जमिनीवर चिकटपट्टी लावून पाय तिथेच ठेवायला सांगा. खोली छोटी, कपड्यांचे कपाट उघडे, मागे आणि बाजूला दोन गोधड्या टांगलेल्या. बाथरूममध्ये आवाज 'छान' येतो, पण तिथे घुमतो. प्रोग्रॅम तो घुमारा स्वरासकट ताणतो आणि गायिका रांजणातून गाते.

पंखा बंद म्हणजे बंदच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत हे शक्य नाही, म्हणून नाशिककरांनी डिसेंबर-जानेवारी गाठावा. तेव्हा पंखा आठवतही नाही. मात्र थंडीतली हवा कोरडी असते. ओठ चिकटले की प्रत्येक प-ब वर 'टच' असा आवाज नोंदवला जातो, म्हणून दर दहा ओळींमागे कोमट पाणी. सकाळी तर्रीदार मिसळ चापून माइकपुढे बसायचे नाही, हे सांगायला नकोच.

वेळ भागाप्रमाणे ठरवा. पंचवटीत देवळांच्या घंटांआधी किंवा दुपारी. गांधीनगर-उपनगरकडे लष्कराची हेलिकॉप्टर घिरट्या घालतात, ओझरच्या बाजूला लढाऊ विमाने. सातपूर-अंबडच्या कारखान्यांजवळ रात्रीही खालच्या पट्टीत एक सततची घूं असते, ती कानाला जाणवत नाही, नमुन्यात मात्र राहते. आधी तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करून हेडफोनवर मोठ्याने ऐका. गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण बऱ्याचदा तिथूनच शिरते.

रेकॉर्डिंग

४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, वेव्ह फाइल. आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये. नॉइज रिडक्शन लावू नका. ते पार्श्वभूमीच्या आवाजाबरोबर ख, घ, भ यांचा श्वासही खाऊन टाकते.

पट्टी एकच आणि स्थिर. षड्ज काळी चार असलेल्या बाईने मध्यमावर म्हणावे, म्हणजे साधारण २७७ हर्ट्झ. षड्ज काळी एक असलेल्या पुरुषाने पंचमावर, साधारण २०८ हर्ट्झ. हा स्वर तंबोऱ्याच्या ॲपवर हेडफोनमध्ये लावा आणि मेट्रोनोम मिनिटाला १०० वर ठेवा. प्रत्येक ठोक्याला एक अक्षर, सात अक्षरांची ओळ ४.२ सेकंदांत संपते. हेडफोन बंद कपाचे हवेत, नाहीतर तंबोरा माइकमध्ये गळतो.

म्हणणाऱ्याला यादी देवनागरीत, मोठ्या टायपात छापून द्या. सूचना मोजक्याच : सूर सपाट, आंदोलन नाही, अक्षरावर जोर नाही, शेवटच्या अक्षराला खाली उतरायचे नाही. शास्त्रीय तालमीच्या गळ्याला हे जड जाते. प्रत्येक स्वर आतून भरत जायची सवय असते आणि सातवे अक्षर पहिल्यापेक्षा गोल येते. अशा वेळी 'शाळेतला पाढा सुरात म्हणा' असे सांगितले की बहुधा काम होते.

एका पट्टीला विश्रांतीसह दोन ते तीन तास धरा आणि एकाच बैठकीत संपवा. उरलेल्या ओळी दुसऱ्या दिवशी घेतल्या तर आवाजाचा पोत बदलतो आणि एका गाण्यात दोन बायका गातात. एका पट्टीतला आवाज चार-पाच अर्धस्वर (सप्तकातल्या बारा सुरांपैकी लगतचे) वर-खाली नीट ताणला जातो. पुढे तो चिरका किंवा जाडजूड होतो. गरज वाटली तर नंतर पाच-सहा अर्धस्वर वरची दुसरी पट्टी घ्या.

खुणा

सगळ्यांत किचकट आणि सगळ्यांत फळ देणारा टप्पा. व्हीलेबलरमध्ये प्रत्येक ध्वनीला पाच आकडे द्यायचे असतात आणि ते 'ओटो' नावाच्या एका फाइलीत, मिलिसेकंदांत साठतात. एक नमुना जवळून पाहू. क च्या ओळीतले दुसरे अक्षर, 'कि'.

लहरीत आधी शांतता दिसते (जीभ मागे टेकलेली), मग १६४० वर एक बारीक टोक, तो क चा स्फोट. १६६५ पासून लहर नियमित होते, तिथे इ सुरू झाला. सुरुवातीची रेघ स्फोटाच्या थोडी आधी, १६१० वर. पुढचे आकडे या रेघेपासून मोजायचे. पूर्वोच्चार ५५, म्हणजे बरोबर स्वर सुरू होतो तिथे. ओव्हरलॅप २०, म्हणजे आधीचा ध्वनी स्फोटापूर्वीच्या शांततेतच विरून जातो. स्थिर भाग ११०, इथवरचे काहीही ताणले जाणार नाही. शेवट उणे ३३०, म्हणजे सुरुवातीपासून ३३० मिलिसेकंदच वापर, पुढे उ कडे झुकणारा भाग नको.

पूर्वोच्चाराची रेघ स्वराच्या सुरुवातीऐवजी व्यंजनाच्या सुरुवातीला लावणे ही नवशिक्यांची हमखास चूक. प्रोग्रॅम सुराचा ठोका त्या रेघेवर आणतो. मग व्यंजन ठोक्यावर आणि स्वर मागून येतो, गायिका सतत उशिरा गाते. स्थिर भाग तोकडा ठेवला तर व्यंजनच ताणले जाते : क चा ख होतो, र चे दोन र होतात. र आणि ळ हे जिभेचे एकेक टिचकी-फटके आहेत, ते पूर्ण स्थिर भागात बसलेच पाहिजेत. ओव्हरलॅप स्फोटाच्या पुढे गेला तर क गिळला जातो आणि 'काठी'ची 'आठी' होते. ख, थ, फ यांचा श्वास लांब, पूर्वोच्चार १०० च्या पुढे जातो. स आणि श साठी १२० च्या आसपास, ओव्हरलॅप ४०.

सहाशेच्या आसपास नोंदी भरतात. दिवसाला दोन तास दिले तर आठवडा. आधी क, म, स, र, ळ या पाच ओळींच्या खुणा करून गाऊन बघा आणि मगच पुढे जा. चुकीची सवय सहाशे नोंदींत मुरली की निस्तरताना जीव जातो.

पहिली ओळ गाऊन घेणे

सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये, सोबत कॅरेक्टर फाइल (नाव, १०० बाय १०० पिक्सेलचे चित्र), झिप करून ओपनउताऊच्या खिडकीत ओढून टाका. अक्षरमांडणी विचारेल तेव्हा दोन्हीकडे यूटीएफ-८ आणि गायकाचा प्रकार 'उताऊ' निवडा. फोनेमायझर (लिहिलेल्या अक्षरासाठी कोणता नमुना घ्यायचा हे ठरवणारा भाग) 'डीफॉल्ट' ठेवा. तो सुरावर लिहिलेले नाव ओटोमध्ये जसेच्या तसे शोधतो, म्हणून सांधे स्वतः घालावे लागतात : अक्षराच्या शेवटचे ६० ते १२० मिलिसेकंद कापून तिथे 'आ क' असा छोटा सूर.

चाचणीला ही ओळ घ्या, यात बहुतेक अडचणी एकत्र भेटतात :

गोदेकाठी चांदणे, काळा घाट, माझे घर

'चांदणे'ला दातांमागचा च, 'माझे'ला टाळूचा झ. 'चां'नंतर न चा सांधा. 'घाट'च्या शेवटी 'आट्' ही शेवटाची नोंद. 'चांदणे' बोलताना 'चांद्णे' होते, पण चालीत तीन सूर असतील तर द ला पूर्ण अ द्यावा लागतो. ओवी-अभंगाच्या चालींत हे नेहमीचे, तिथे लिहिलेले प्रत्येक अक्षर मोजले जाते. कोणता अ गळणार आणि कोणता गायला जाणार हे प्रोग्रॅमला कळत नाही, ते चालीवरून तुम्हीच ठरवायचे. एक अक्षर अनेक सुरांवर न्यायचे असेल तर पुढच्या सुरांवर अधिकचे चिन्ह लिहा.

व्हायब्रॅटो (सुराची थरथर) सुरुवातीला शून्य करा. मींड हवी तिथे दोन सुरांमधली पट्टीची रेघ हाताने लांबवा, ८० ऐवजी २००-२५० मिलिसेकंदांपर्यंत. कणस्वर वेगळा छोटा सूर म्हणून लिहिण्यापेक्षा याच रेघेत उंचवटा काढून जास्त सुरेल येतो.

एखादेच अक्षर अचानक सप्तकभर वर उडाले किंवा खर्जात कोसळले तर चूक सहसा खुणांची नसते. काही रिसॅम्पलर (नमुना ताणून पट्टी बदलणारे प्रोग्रॅम) प्रत्येक नमुन्याची पट्टी मोजून एफआरक्यू नावाच्या फाइलीत ठेवतात. ती मोजणी दुप्पट किंवा निम्मी झालेली असते. ती फाइल पुसा, पुन्हा बनू द्या. वेव्ह फाइल नंतर बदलली असेल तरी हेच करा. घ, भ, ध यांवर वारंवार होत असेल तर म्हणणाऱ्याने श्वास जास्त सोडला आहे, तेवढ्या ओळी पुन्हा घ्याव्या लागतील. त्यासाठी पट्टी, माइकचे अंतर, आवाजाची पातळी आणि रेकॉर्डिंगची वेळ पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून गोधडीजवळच्या भिंतीला चिकटवून ठेवा.